अण्णांच्या तोंडचं वाक्य

४ जानेवारी

दादा,

नमस्कार वगैरे. फोन सोडून हिला पत्रं लिहायची काय हौस आली, असं म्हणशील. फोनचं काय होतं ते तुला माहीत आहे. आई तो अण्णांच्या कानाला लावते, मला पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. मग मी काहीबाही बरळते, आई "हसले गं ते" म्हणते, आणि फोन ठेवल्यावर माझं कामात लक्ष लागत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात समोरच्याने गप्प बसायचंच असतं.

अण्णांना अर्धांगाचा झटका आल्यापासून दुकान तू एकट्याने ओढतोयस. त्यात माझं रडगाणं नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कादंबरी प्रकाशकांकडे दिली होती. संपादक बाईंनी बोलावलं, चहा पाजला, आणि मग म्हणाल्या, "गोष्ट चांगली आहे. पण तुमची सगळी माणसं एकाच तोंडाने बोलतात, आणि ते तोंड तुमचं आहे." सगळ्यात वाईट म्हणे तो सलूनवाला. "हा माणूस कधी कुणाची दाढी करत असेल असं वाटत नाही." बघ! सलूनवाल्याच्या पोरीला हे ऐकावं लागलं. मार्चअखेरपर्यंत सुधारून दिलं तर छापतील, नाहीतर राम राम.

तर तू मला अण्णा कसे बोलायचे ते लिहून पाठव. मी आठवायला बसते तर माझाच आवाज ऐकू येतो. मला त्याची भीती वाटायला लागली आहे, दादा. माणूस घरात आहे, जिवंत आहे, आणि त्याचा आवाज आपल्याकडे नाही.

सलूनवाल्याची सगळी प्रकरणं सोबत पाठवते आहे. तू वाच. अण्णांना मात्र दाखवू नकोस, तो सलूनवाला म्हणजे आपणच हे त्यांना लगेच कळेल.

तुझी,
ठमी

१३ जानेवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद, फुकटचे.

प्रकरणं वाचली. गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचायचो, म्हणजे बराच वेळ मिळाला. तुझ्या बाई चुकीचं काही बोलल्या नाहीत. तुझा सलूनवाला पोस्टमास्तरांना म्हणतो, "केस म्हणजे माणसाच्या काळज्यांचं पीक, साहेब. मी ते कापतो, पण मुळं माझ्या हाती लागत नाहीत." अगं ए, अण्णा असं बोलले असते तर पोस्टमास्तर गळ्यातल्या कापडासकट डॉक्टरला बोलवायला धावले असते!

आता खरं सांगतो. आई तुला फोनवर सगळं छान छान सांगते. पाय बरा आहे, काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून कच्चा आहे. समजतं सगळं. पण शब्द सापडत नाहीत. एकच शब्द राहिलाय, "तसंच." चहा हवा का? तसंच. पंखा लावू? तसंच. परवा आईवर भडकले तेव्हाही हात आपटून "तसंच! तसंच!" पहिल्या दिवशी आम्ही हसलो. आता हसू येत नाही.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येतात. चांगल्या आहेत. समोर बसतात आणि चित्रांचे पत्ते दाखवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी कंगवा दाखवला. ठमे, ज्या माणसाने जन्मभर कंगवा हातातून सोडला नाही, त्याला 'कंगवा' म्हणता येईना. घाम फुटला त्यांना. पत्ते ढकलून दिले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून बाई आल्या की डोळे मिटून घेतात. बाई म्हणाल्या, या महिन्यांत धडपड केली तर बरंचसं परत येईल, हातपाय गाळून बसले तर पुढे अवघड होत जाईल.

त्या आणखी एक म्हणाल्या. नेहमीच्या बोलण्यातली, तोंडात बसलेली वाक्यं घ्या, अर्धी आपण म्हणा आणि उरलेली त्यांना पुरी करू द्या. आता मला सांग, घरात लिहिणारं कोण आहे? मला तर मेलं बिलसुद्धा नीट लिहिता येत नाही. तेव्हा तू मला लिही म्हणालीस तरी मीच तुला सांगतो, तू लिही. त्यांच्या तोंडात बसेल असं.

दादा

२० जानेवारी

दादा,

पत्र वाचून आधी रडले, मग नाक पुसून कामाला लागले. ऑफिसातल्या मैत्रिणीला गिऱ्हाईक करून खुर्चीत बसवलं आणि मोठ्याने म्हणून बघितलं. वाक्यं सोबत आहेत. काही नमुने:

"या साहेब, आज फार दिवसांनी आमची (आठवण झाली?)"
"केस कसे ठेवू, बारीक की (मध्यम?)"
"घाई करू नका, चांगल्या कामाला (वेळ लागतो.)"

सावकाश म्हण. शेवटी आवाज जरा वर ठेव, म्हणजे पुढचा शब्द आपोआप ओढला जाईल. अण्णांचा स्वभाव मुळात हळुवार, त्यांना गोडीगुलाबीने घे. होणार बघ. मला अगदी आतून वाटतंय.

ठमी

२ फेब्रुवारी

ठमे,

नाही झालं.

बाईंसमोर म्हटलं, एकट्याने म्हटलं, गोडीगुलाबीने म्हटलं. "आज फार दिवसांनी आमची" म्हणून मी थांबायचो, आणि अण्णा माझ्याकडे असे बघायचे की जणू दुकानात कुणी परका शिरलाय. अर्धा वेळ तर आईनेच वाक्य पुरं केलं. तिला राहवतच नाही. बाईंनी तिला बजावलं, "तुम्ही बोलू नका." आई म्हणते, "मी कुठे बोलतेय, मी मदत करतेय."

आणि हळुवार? तू कुणाबद्दल लिहितेस? तुला ते मांडीवर घ्यायचे. मी दहावीनंतर दुकानात उभा राहिलो तेव्हा माझ्याशी तीन शब्दांवर काम चालायचं, "पूस", "झाड" आणि "थांब". तुझे अण्णा गोड आणि माझे अण्णा कडक, आणि त्या पलंगावरच्या माणसाला दोन्ही नकोत.

मीही लिहून बघितलं. हसू नकोस. "नमस्कार. बसा. केस कापायचे आहेत काय? होय. बरे." बाईंना दाखवलं, त्यांनी खोकल्यासारखं केलं.

राग आला म्हणून आणखी एक सांगून टाकतो. तुझ्या सलूनवाल्याच्या डाव्या गालावर तीळ आहे असं तू पहिल्याच पानावर लिहिलंस. अण्णांचा तीळ उजव्या गालावर आहे. बापाचा तीळ जिला धड आठवत नाही, तिला त्याचं बोलणं काय आठवणार? लिहून झाल्यावर वाईट वाटलं, पण खोडत नाही.

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

खोडलं नाहीस ते बरं केलंस. तुझी दोन ओळींची दाढी-कटिंग वाचून मात्र मी हसले. ते संभाषण आहे की चौकशीची खिडकी?

तिळावरून मी इतकी चिडले होते की तुला चार पानं शिव्या लिहिल्या. तू चुकलायस हे सिद्ध करायला जुने फोटो काढले. तीळ उजवीकडे! सगळ्या फोटोंत उजवीकडे. मला वेड लागायची पाळी आली, कारण माझ्या डोळ्यांसमोर अण्णा बोलताना येतात ते डाव्या गालावरच्या तिळासकटच.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी शाळेतून येऊन दुकानातल्या मागच्या बाकावर बसायचे ना? अण्णांची माझ्याकडे पाठ असायची. मी त्यांना बोलताना बघितलं ते आरशात! आणि नुसती मी नाही, दादा, सगळ्यांनीच. आठव जरा. अण्णा कधी कुणाच्या तोंडासमोर उभे राहून बोलले? गिऱ्हाइकाशी आरशातून, तुझ्याशी आरशातून, रस्त्यावरून कुणी हाक मारली तर त्यालाही आरशातून. घरी जेवायला समोरासमोर बसले की गप्प, आणि आई दोघांचं मिळून बोलायची. आपल्याला वाटायचं ते दमलेत.

आणि त्या बाई त्यांना समोर बसवून चित्रं दाखवतात. मी लिहिलेला सलूनवाला तर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून भाषणं ठोकतो. भाषण ठोकायला अण्णांचे हात कधी रिकामे असायचे? हात चालू, तोंड चालू, आणि मध्येच "हलू नका." माझ्या सलूनवाल्याने अख्ख्या पुस्तकात एकदाही "हलू नका" म्हटलेलं नाही. लाजच वाटली.

म्हणून सगळं बाजूला ठेवून एवढंच नवं लिहिलं. हे अण्णांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही, मी रचलंय. पोस्टमास्तर खुर्चीत, वस्तरा गळ्याशी:

"तुमच्या साहेबांचं चुकलंच म्हणतो मी... हनुवटी वर... एवढ्या वर्षांच्या माणसाला असं बोलायचं?... हलू नका... चुकलं की नाही?... हां. तुम्हालाही पटतंय."

अण्णांना दुकानात ने. स्वतःच्या खुर्चीत बसव. आरसा पूस आधी.

ठमी

१८ फेब्रुवारी

ठमे,

हातातलं काम टाकून हे वाच.

काल दुकानाची सुट्टी. आईला म्हटलं, अण्णांना जरा हवा खायला नेतो. ती निघालीच होती बरोबर, तिला तुझ्या वहिनीने शिवणकामात अडकवलं. दुकान उघडलं, शटर अर्धं वर ठेवलं, अण्णांना खुर्चीत बसवलं. जन्मात पहिल्यांदा ते त्या बाजूने बसले असतील. आधी इकडेतिकडे बघत होते, नुसते पाहुण्यासारखे. गळ्याभोवती कापड बांधलं आणि आरशात बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. मागे मी, पुढे ते. बरोबर उलटं.

साबण लावला. मी काही बोलणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण वस्तरा गळ्याशी आला तसा मी आरशात बघून सुरू केलं, "पोस्टमास्तरांच्या साहेबांचं चुकलंच म्हणतो मी. हनुवटी वर. हलू नका. चुकलं की नाही?" आणि थांबलो. अण्णांना हलता येईना. डोळे बारीक झाले. मी म्हटलं, "हां. तुम्हालाही पटतंय." ठमे, त्या कापडाखाली खांदे हलायला लागले. हसत होते! मी घाबरून वस्तरा बाजूला घेतला.

तोंड पुसलं. अण्णा आरशात चेहरा बघायला लागले, आधी हा गाल, मग तो. ओठ चालू झाले. "ते... ते..." मी मध्ये शब्द भरून दिला नाही. आईची शपथ, जीभ दाताखाली धरून उभा राहिलो. "डावा," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "डावा... वर."

मला कळेना. त्यांनी चांगला हात उचलून कानाजवळ नेला आणि खडसावलं, "कल्ला! डावा कल्ला... वर!"

कंगवा लावून बघितला. डावा कल्ला खरंच वर होता.

अगं, दहावीनंतर दुकानात आल्यापासून हे एक वाक्य मी कितीदा ऐकलं असेल! दर वेळी डोक्यात तिडीक जायची. काल मी शटर ओढून घेतलं आणि त्या खुर्चीच्या पाठीला धरून रडलो. अण्णांनी आरशातूनच बघितलं आणि म्हणाले, "हलू नको." मग आम्ही दोघेही हसलो.

घरी येऊन बाईंना फोन केला. त्या उद्यापासून दुकानात यायला तयार आहेत, आरशासमोर बसूनच व्यायाम घेते म्हणाल्या.

दादा

२६ फेब्रुवारी

माझ्या दादा,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांना, अगदी साहेबांनासुद्धा. डावा कल्ला वर! याहून सुंदर वाक्य मी जन्मात लिहू शकणार नाही.

तूसुद्धा किती बोलतोस रे पत्रात. तोंडावर कधी बोलला नाहीस.

मी कादंबरी पहिल्यापासून धरली आहे. आता प्रत्येक माणसाचे हात आधी बघते, काय करतायत ते, आणि मगच त्याला बोलू देते. पीठ मळणारी बाई मळता मळता बोलते, म्हणून तिचं वाक्य मध्येच जोर धरतं. पोस्टमास्तर शिक्के मारत बोलतात. तू माझी खिल्ली उडवशील, पण खरंच त्यांचे आवाज वेगळे व्हायला लागलेत. सुधारलेली पानं सोबत आहेत. तुला वाटलं तर आता अण्णांना वाचून दाखव. व्यायाम होईल. मला भीती वाटते, पण दाखव.

फक्त शेवटचं प्रकरण सोड. ते अजून जुनंच आहे. त्यात सलूनवाला मरतो. ते त्यांच्यासमोर वाचायचं नाही, काय समजलास?

ठमी

९ मार्च

ठमे,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी जरा उशिराच वाचली असं समज.

झालं असं. रोज दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा अण्णा खुर्चीत आणि मी मागे उभा राहून तुझी पानं वाचतो. खोटं वाक्य आलं की आरशातून "नाही." मी पुढे वाचतो. पुन्हा "नाही." एका पानाला इतके नाही मिळाले की मीच म्हटलं, अहो, पोरगी आहे तुमची. म्हणाले, "म्हणून." बाई खूश आहेत. चित्रांच्या पत्त्यांनी जे होत नव्हतं ते भांडणाने होतंय म्हणतात.

पण ऐक. "हां. तुम्हालाही पटतंय" आलं तेव्हा मान डोलावून "हो" म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, हे तुम्ही कधी म्हणालात? "म्हटलं मी." मी म्हटलं, नाही हो, हे ठमीने रचलंय. चिडले. "म्हटलं... मी! पोस्टमास्तरांना." आता काय बोलायचं? काल खरे पोस्टमास्तर भेटायला आले. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, "हो, नेहमी म्हणायचे." घे! तुझ्या बाईंना कळव.

आता शेवटच्या प्रकरणाचं. मला वाटलं मी पान उलटतोय ते मधलंच आहे. सलूनवाला दुकानात कोसळतो तिथे आलो तेव्हा कळलं. थांबलो. अण्णा म्हणाले, "वाच." मी म्हटलं, नको. "वाच." वाचलं. ते दीड पानांचं भाषण करतो ना मरताना, आयुष्याबद्दल आणि आरशांबद्दल, ते सगळं. अण्णा शेवटपर्यंत गप्प होते. मला वाटलं झालं, संपलं, पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. पण म्हणाले, "कागद घे."

त्यांनी सांगितलेलं सोबत आहे. पुरती दुपार लागली. मी एकही शब्द पदरचा घातलेला नाही. जिथे टिंबं आहेत तिथे वाट बघितली. आई आली होती, तिला ओठांवर बोट ठेवून बसायला लावलं, आणि ती बसली.

दादा

ठमे,

वाचलं. म्हणजे... ऐकलं.

तो मरतो. मरू दे. सगळेच... ते जाऊ दे. पण किती बोलतो! एवढा दम... कुठून आणतो?

आणि गिऱ्हाईक? खुर्चीत... बसलंय ना? साबण लावलाय. एक गाल झाला. एक... राहिला. त्याचं काय? ते तू... विसरलीस.

मी पडलो. तेव्हा... पोस्टमास्तर होते. अर्धे. मी खाली. दादा ओरडत होता, अण्णा, अण्णा. मला सांगायचं होतं. तोंडात होतं. पुढे... येईना. सगळ्यांना वाटलं... देवाचं नाव घेतोय. कसलं देवाचं!

मी म्हणत होतो, दादा, तेवढी दाढी... पुरी कर.

ते लिही. तेवढंच. जास्त... नको.

मग तो मेला तरी चालेल. मी... नाही मरत.

बाकी बरं लिहितेस. पोस्टमास्तर... अगदी तसेच.

दादाचा हात दुखतोय. थांबतो.

केस... वाढले असतील तुझे. ये.